बड्या इमामबाड्याचा भुलभुलैया आणि दोन लहान मुले

कर्वेनगरी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून लखनौला जात आहोत. माझी नणंद आणि तिचे यजमान तिथे राहतात, त्यामुळे मुक्कामाची आणि जेवणखाणाची चिंता नाही. चिंता आहे ती बड्या इमामबाड्यातल्या भुलभुलैयाची, आणि तिचे मूळ माझ्या सात वर्षांच्या मुलीत आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ अशा धर्तीची जी कोडी येतात, ती सोडवल्याशिवाय तिचा रविवार सुरू होत नाही. अलीकडे तर ती गाजरापासून सशाकडे उलटी येते, कारण तशी वाट लवकर सापडते असा तिचा दावा आहे. असेच एक कोडे विटांचे बांधलेले असून त्यात माणसे स्वतः शिरतात, हे तिच्या आत्याने फोनवर सांगितल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

धाकट्याला नुकतेच चौथे वर्ष पूर्ण झाले आहे. सोसायटीच्या जिन्यातला दिवा गेला तरी तो माझी ओढणी सोडत नाही. बरोबर सासूबाई आहेत. त्यांना सपाटीवर कितीही चालवा, पण जिना म्हटले की त्यांचे गुडघे नकार देतात. म्हणजे एकीला आत जायचेच आहे, एकाला बहुधा जायचे नाही, आणि एकीला जाता येणार नाही, अशी आमची स्थिती आहे.

ज्यांनी लहान मुलांना घेऊन ही वास्तू पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. चार वर्षांच्या मुलाला वर नेणे शहाणपणाचे आहे का? वाटाड्या घ्यावा लागतो असे ऐकले आहे. तो मुलांना त्यांच्या गतीने चालू देतो, की पुढच्या गिऱ्हाइकाच्या घाईत सगळ्यांना पळवतो? आणि निघण्यापूर्वी पुण्यातच मुलांचा थोडा सराव होईल अशी एखादी जागा आहे का?

नारायणपेठी

आम्ही मुले प्राथमिक शाळेत असताना गेलो होतो. क्रम साधारण असा असतो: पादत्राणे बाहेर ठेवायची, आधी तळमजल्यावरचे भव्य दालन पाहायचे आणि मग बाजूच्या जिन्याने वर चढायचे. पायऱ्या उंच आहेत. चार वर्षांच्या मुलाला त्या प्रत्येक वेळी गुडघा छातीपर्यंत नेऊन चढाव्या लागतात, आणि उतरताना तर त्याला उचलूनच घ्यावे लागते. वर गेल्यावर बोळ इतके अरुंद आहेत की एकामागोमाग एक असेच चालावे लागते. मुलाला कडेवर घेतले तर त्याचे डोके किंवा तुमचे कोपर भिंतीला लागते, हे ध्यानात ठेवा. काही ठिकाणी अंधार दाट आहे, पण तो फार काळ टिकत नाही, कारण मधूनच एखादे झरोक्यासारखे दार येते आणि उजेडाचा पट्टा दिसतो.

या बोळांतून माणूस अचानक दालनाच्या आतल्या सज्जावर येतो. खाली सगळे दालन दिसते, आणि वाटाड्या पलीकडच्या टोकाला जाऊन काडी ओढतो किंवा कागद फाडतो. तो आवाज जवळजवळ पन्नास मीटर ओलांडून कानाशी स्पष्ट ऐकू येतो. आमच्या मुलांना भुलभुलैयापेक्षा हीच गोष्ट अधिक आवडली होती. मात्र सज्जावर मुलांचा हात सोडू नये, कारण खाली पाहण्याच्या नादात ती कठड्यावर ओणवी होतात. गच्चीवरही हीच काळजी घ्यावी. गच्चीवरून आसफी मशिदीचे मिनार आणि रूमी दरवाजा छान दिसतात.

वाटाड्याबद्दल बोलायचे तर, घ्याच. दर आधी ठरवा आणि वर चढण्यापूर्वीच त्याला सांगा की मुलगी पुढे चालेल, तुम्ही तिच्या मागे राहा आणि ती चुकली तरी लगेच बोलू नका. अशी विनंती केली की बहुतेक वाटाडे खुलतात, असा माझा अनुभव आहे.

स्थापत्य

वरच्या प्रतिसादातल्या माहितीला एक जोड द्यावीशी वाटते, कारण ती मुलांना आधी सांगितली तर आत त्यांना पुष्कळ गोष्टी आपोआप कळतील.

हा भुलभुलैया खेळ म्हणून बांधलेला नाही. खालचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे, आणि त्यात एकही खांब नाही, तुळई नाही, लोखंड नाही, लाकडाचा आधार नाही. लखौरी नावाच्या पातळ, चपट्या विटा आणि चुना एवढ्यावर ही कमान उभी आहे. एवढ्या रुंद कमानीच्या खांद्यावर भरीव चिणाई केली असती तर तिचे वजनच भिंतींना पेलले नसते. म्हणून वरचा भाग पोकळ ठेवून त्यात आडव्यातिडव्या भिंती, छोट्या कमानी आणि बोळ काढले. वजन कमी झाले, भार वाटला गेला आणि हवा खेळती राहिली. या पोकळीत एकसारखी ४८९ दारे आहेत असे सांगतात, आणि माणूस चुकतो तो नेमका त्या एकसारखेपणामुळे. थोडक्यात, तुमची मुलगी एका प्रचंड छताच्या जाडीतून चालणार आहे. माझ्या मते सात वर्षांच्या मुलाला ही कल्पना कोणत्याही भुताखेताच्या गोष्टीपेक्षा अधिक रोमांचक वाटावी.

इतिहासही मुलांना समजेल असा आहे. अवधचा नवाब आसफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून त्याने हे बांधकाम काढले. आपल्याकडे दुष्काळी कामांवर खडी फोडायला लावतात, तसेच ते काम, पण त्यातून निघाली ही वास्तू. सामान्य मजूर दिवसा बांधत आणि अन्नाला मोताद झालेले खानदानी लोक तोंडे झाकून रात्री ते पाडायला येत, म्हणजे त्यांचीही अब्रू राहून त्यांना मजुरी मिळे, अशी दंतकथा वाटाडे हमखास सांगतात. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. वास्तुकार किफायतउल्ला असल्याचे मानले जाते, आणि तो व नवाब असे दोघेही त्याच दालनात दफन आहेत. म्हणूनच दालनात मुलांना आरडाओरडा करू देऊ नये. ते पूजास्थान आहे, मोहरमच्या काळात तिथे मजलिसी म्हणजे शोकसभा होतात आणि ताजिये, म्हणजे इमाम हुसेन यांच्या समाधीच्या प्रतिकृती, ठेवलेले असतात, हे पर्यटक विसरतात.

गणितवेडा

सर्वप्रथम आपल्या कन्येचे अभिनंदन. कागदावरची कोडी रचणारा माणूस फसव्या वाटा बहुधा सुरुवातीच्या बाजूने काढतो, त्यामुळे शेवटाकडून निघाल्यास फाटे कमी लागतात. तिने हे स्वतः शोधले असेल तर तिला कोणाच्याही सरावाची गरज नाही.

भुलभुलैयात ‘उजवा हात भिंतीवर ठेवा आणि तो न उचलता चालत राहा’ हा उपाय सगळे सांगतात, आणि या धाग्यावरही कोणीतरी तो सांगेलच, म्हणून मीच आधी त्याची मर्यादा सांगतो. प्रवेश आणि बाहेर पडण्याची जागा दोन्ही ज्या भिंतीला लागून आहेत ती भिंत अखंड असेल, तर हा उपाय कधीही फसत नाही. वाट लांबते, पण माणूस बाहेर येतो. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातला झुडपांचा भुलभुलैया सतराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या विल्यमसाठी लावला गेला, आणि तिथे या रीतीने मध्यापर्यंतही पोहोचता येते. परंतु मध्येच सुट्या उभ्या भिंती असतील तर माणूस एकाच भिंतीभोवती प्रदक्षिणा घालत राहतो. इंग्लंडमधल्याच लाँगलीट इथे १९७५ साली सोळा हजारांहून अधिक यू झाडे लावून केलेल्या भुलभुलैयात पूल आहेत, एक वाट दुसरीच्या वरून जाते, आणि मग हाताची हमी राहत नाही. इमामबाड्यात तर जिने वरखाली जातात. शिवाय तिथे भिंतीला हात घासत जाणे त्या जुन्या चुन्याच्या दृष्टीनेही बरे नाही.

त्याऐवजी मुलीला एक छोटी वही आणि पेन्सिल द्यावी. प्रत्येक फाट्यावर ती डावीकडे वळली की डावा बाण, उजवीकडे वळली की उजवा बाण, सरळ गेली की उभी रेघ. परत यायचे झाले की ही यादी शेवटच्या खुणेपासून वाचायची आणि प्रत्येक बाण उलटा धरायचा: डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. सात वर्षांच्या मुलांना हे दोनदा उलटे करणे थोडे अवघड जाते आणि म्हणूनच फार आवडते. घरी एकदा खुर्च्या मांडून करून पाहा.

आणखी एक. आत जाण्याच्या १०२४ वाटा आणि बाहेर पडण्याच्या दोनच, असे तिथे सांगितले जाते. १०२४ म्हणजे दोनचा दहावा घात. दहा फाटे आणि प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय असतील तर एवढ्याच वाटा होतात. हा आकडा कोणी मोजून काढला की असा गुणून काढला, हे ज्याने त्याने ठरवावे.

आजोबा_एरंडवणे

धाग्यात अजून अभिमन्यू आला नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून तो मीच आणतो आणि लगेच परतही पाठवतो. त्याला आत शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर येण्याची नव्हती. आपल्या नातवंडांना दोन्ही शिकवावी एवढाच त्याचा इथे उपयोग.

लखनौपेक्षा जवळ, आपल्याच महाराष्ट्रात, दौलताबादची अंधारी आहे. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन तिथून थोड्याच अंतरावर. खंदकावरचा पूल ओलांडला की कातळात खोदलेला काळोखा, वळणावळणाचा जिना लागतो. मी माझ्या मुलांना तिथे नेले, आता नातवंडांनाही नेले. वटवाघळांचा वास, ओलसर पायऱ्या, पुढच्या माणसाचा फक्त आवाज. धाकटा नातू सुरुवातीला रडला, पण वर उजेडात आल्यावर त्यानेच पुन्हा जाण्याचा हट्ट धरला. मुलांना थोडे घाबरू द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. हल्ली आपण मुलाला जरा अंधार दिसला की मोबाइलचा दिवा लावतो, आणि मग ते मूल दहा वर्षांचे झाले तरी एकटे गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जात नाही.

दोघांचीआई

आजोबा, आदराने असहमती नोंदवते. दौलताबादची अंधारी आणि इमामबाड्याचा भुलभुलैया यांत मूलभूत फरक आहे. अंधारी शत्रूला चकवून मारण्यासाठी खोदलेली आहे; तिथल्या वळणाचा हेतूच भीती हा आहे. तुमच्या नातवाला वर आल्यावर पुन्हा जावेसे वाटले याचा आनंद आहे, परंतु असेही एखादे मूल असते जे त्यानंतर कित्येक महिने रात्री दिवा मालवू देत नाही. आपले मूल कोणत्या जातीचे आहे हे आईवडिलांना ठाऊक असते आणि त्यांनीच ते ठरवावे. चार वर्षांच्या मुलाला ‘बाहेर जायचे’ असे म्हणताच बाहेर नेता येईल याची खात्री असेल तरच आत न्यावे. भुलभुलैयात ही खात्री नसते, कारण अर्ध्यात परत फिरायचे म्हटले तरी मागून लोक येत असतात.

आमचा मोठा पाच वर्षांचा असताना आम्ही इमामबाड्यात गेलो. निघण्यापूर्वी काही गोष्टी ठरवल्या होत्या आणि त्यांचा उपयोग झाला. प्रत्येक मुलाच्या गळ्यात स्वतःची लहान विजेरी होती. मोठ्यांच्या हातातला प्रकाश आणि स्वतःच्या हातातला प्रकाश यांत मुलांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असतो. एक मोठे माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, मुले मध्ये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, चुकलास तर शोधायला निघायचे नाही. जिथे आहेस तिथेच भिंतीला पाठ लावून उभा राहा आणि मोठ्याने आपले नाव घे. घाबरलेले मूल आईला शोधत पुढे पळते आणि आई त्याला शोधत मागे येते, त्यामुळे दोघे एकमेकांपासून लांबच जातात. हा नियम आम्ही लपाछपीत घोटून घेतला होता. खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी, हे वेगळे सांगायला नको.

सकाळी उघडताक्षणी जा. सुट्टीच्या दिवसांत दुपारनंतर त्या बोळांत इतकी गर्दी होते की भुलभुलैयात वाट चुकण्याची सोयच राहत नाही, रांगच तुम्हाला ढकलत बाहेर नेते. वर चढण्यापूर्वी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. पायांत मोजे असू द्या, पण खाली घसरणार नाहीत असे.

शुक्रवारपेठकर

पुण्यात सरावाची जागा विचारली आहे. बागांत, मॉलमध्ये जाऊ नका. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. बाजीराव रस्त्यावर, नातूबागेत.

ते भुलभुलैया म्हणून बांधलेले नाही हे उघडच आहे, पण लहान मुलाच्या उंचीवरून पाहिल्यास ते तसेच वाटते: एका दालनातून दुसऱ्यात, तिथून जिना, मग पुन्हा एखादे दालन, आणि प्रत्येक ठिकाणी लाकडी कोरीवकामाच्या चौकटी. दोन दालने झाली की आपण रस्त्याच्या बाजूला आहोत की आतल्या बाजूला, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. मुलीला अधूनमधून विचारा की बाजीराव रस्ता कोणत्या दिशेला आहे. ती चुकेल, हसेल आणि पुढच्या वेळी लक्ष ठेवेल. गणितवेडा यांच्या बाणांच्या वहीचा पहिला प्रयोगही इथेच होऊ शकतो.

दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले आणि १९६२ मध्ये त्यांनी सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. मांडलेल्या त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास, आणि त्या राजेरजवाड्यांच्या कमी, घराघरांतल्या जास्त. अडकित्ते, दिवे, पाय घासण्याच्या वज्री, कुलपे, शेवयांचे साचे, वाद्ये, गंजिफा. कोथरूडला असलेल्या मस्तानी महालाचे अवशेष आणून इथे पुन्हा उभारलेले आहेत. चार वर्षांच्या मुलाला पाटीवरचे काही वाचता येत नाही, पण अडकित्त्यात पोपट शोध, वज्रीत मोर शोध, असे सांगितले की तो अंधाऱ्या कोपऱ्यातही निमूट शिरतो. तुमच्या धाकट्याच्या बाबतीत मला याच गोष्टीची आशा वाटते.

संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे केळकरांचा मुलगा. तो सात वर्षांचा असताना गेला. तुमची मुलगी त्याच वयाची आहे म्हणून सांगितले; तिला सांगायचे की नाही ते तुम्ही पाहा. आमच्या मुलीने स्वतःच विचारले होते आणि आम्ही सरळ उत्तर दिले.

नारायणपेठी

याला पुष्टी देतो. धाकट्यासाठी आणखी एक सोपी पायरी सुचवतो: जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर. आठव्या शतकातले कातळात कोरलेले लेणे, खांबांच्या रांगा, आत मंद काळोख, आणि मागे वळले की अंगणातला उजेड व नंदीचा गोल मंडप कायम दिसतो. म्हणजे अंधार आहे, पण बाहेरची वाट नजरेआड होत नाही. घाबरणाऱ्या मुलासाठी यापेक्षा सभ्य अंधार शहरात मला माहीत नाही.

आणि सासूबाई बरोबर असतील तर तुळशीबागेचा सराव सोडू नका. तिथे मूल हरवत नाही, त्याची आई हरवते, आणि मूल निमूटपणे एका जागी उभे राहायला शिकते.

यॉर्कशायरहून_परत

आम्ही काही वर्षे लीड्सला होतो. तिथून गाडीने जाण्याजोग्या अंतरावर, उत्तर यॉर्कशायरमध्ये मिडलहॅम गावाजवळ टपगिल पार्क इथे ‘फॉरबिडन कॉर्नर’ नावाची एक विक्षिप्त जागा आहे. एका गृहस्थाने आपल्या खासगी हौसेखातर सुमारे चार एकर बागेत बोगदे, बुरूज, भुयारी खोल्या, चकवणारी दारे आणि चित्रविचित्र पुतळे बांधवून घेतले. पुढे १९९० च्या दशकात ती जागा लोकांसाठी खुली झाली. आत शिरायचे ते एका राक्षसी तोंडातून. अनपेक्षित ठिकाणी पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात आणि मुलांना त्याचा इतका आनंद होतो की ती त्याच दगडावर पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहतात. बाबागाडीचा तिथे काही उपयोग नाही, आणि तिकीट आधी काढून ठेवावे लागते.

हे इथे सांगण्याचे कारण असे की तिथे नकाशा देत नाहीत. हाती एक पत्रक देतात, त्यावर आत काय काय शोधायचे याची नोंद असते, पण ते कुठे आहे याचा पत्ता नसतो. वाटाडा नाहीच. त्यामुळे मुले पुढे आणि आईवडील मागे, हा क्रम आपोआप होतो. आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला भुयारातला एक भाग अजिबात आवडला नाही आणि आम्ही तो सोडून दिला. यादीत एक खूण कमी झाली, बाकी काही बिघडले नाही. भुलभुलैया ‘पूर्ण करायचा’ असतो हा मोठ्यांचा समज आहे. मुले एका बोळात रमली तर तोच त्यांचा भुलभुलैया.

तेव्हा लखनौसाठी तुम्हीच एक पत्रक तयार करा. माझ्या आठवणीतून सुचवते: दरवाजांवरची दोन माशांची जोडी, जे अवधच्या नवाबांचे चिन्ह होते, ज्यातून रूमी दरवाजा दिसतो असे गच्चीवरचे ठिकाण, जिथून खालचे दालन दिसते तो पहिला सज्जा, काडीचा आवाज ऐकू आलेला कोपरा, आणि खाली शाही बावलीत, म्हणजे आपल्याकडच्या बारवेत, पाण्यात दिसणारी माणसे. या बावलीची रचना अशी आहे की दाराशी आलेल्यांचे प्रतिबिंब आत बसलेल्याला पाण्यात दिसते आणि आलेल्याला मात्र आतला माणूस दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला वर न नेता हीच जागा ‘तुझी’ म्हणून दिली तर त्याला काही गमावल्यासारखे वाटणार नाही, कारण ताई भुलभुलैयातून खाली येऊन दाराशी उभी राहिली की तो तिला आधी पाहील.

आजोबा_एरंडवणे

ही बावलीची युक्ती उत्तम आहे. मात्र बावलीला पायऱ्या आहेत आणि आत पाणी आहे, म्हणून तिथे त्याच्याबरोबर हात न सोडणारे मोठे माणूस हवे. दोघांची आई यांच्या असहमतीबद्दल राग नाही. माझे मत मी बदललेले नाही. चौथ्या वर्षी नाही तर सहाव्या वर्षी, पण अंधारात एकदा न्यावेच.

दोघांचीआई

सहाव्या वर्षाला माझी हरकत नाही.

कर्वेनगरी

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान आम्ही केळकर संग्रहालयात जाऊन आलो, आणि त्यावरून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. मुलीने बाणांची वही काढली, पण दुसऱ्या दालनानंतर तिला वस्तूच पाहायच्या होत्या आणि वही माझ्या पिशवीत आली. बाजीराव रस्ता कुठे आहे हे मात्र ती प्रत्येक जिन्यावर स्वतःहून सांगत होती, आणि शेवटी शेवटी बरोबर सांगत होती. धाकट्याने वज्रींच्या कपाटापुढे ठाण मांडले आणि त्याला तिथून हलवण्यासाठी आम्हाला ‘पुढे अजून पोपट आहेत’ असे सांगावे लागले, जे सुदैवाने खरे निघाले. अंधाऱ्या कोपऱ्याची त्याने दखलही घेतली नाही. पण जिना आला की ‘उचल’ हे त्याचे उत्तर ठरलेले होते, त्यामुळे नारायणपेठी यांनी वर्णन केलेल्या पायऱ्या आणि अरुंद बोळ हे त्याचे काम नव्हे, अंधाराचा प्रश्न तर पुढचाच, हे आम्हाला कळले.

ठरले ते असे. सासूबाई, धाकटा आणि नणंद खालचे दालन आमच्याबरोबर पाहतील. मग मी, मुलगी आणि तिचे बाबा वाटाड्यासह वर जाऊ; मुलगी पुढे, वाटाड्या तिच्या मागे, आम्ही शेवटी. त्या वेळात नणंद धाकट्याला बावलीत नेईल आणि सासूबाई बागेतल्या कठड्यावर बसतील. स्थापत्य यांनी सांगितलेली छताच्या जाडीची गोष्ट मुलीला सांगितली आहे, आणि तिने घराच्या स्लॅबमध्ये असे बोळ का नाहीत असा प्रश्न विचारून तिच्या बाबांना गप्प केले आहे. यंदाच्या दिवाळीच्या किल्ल्यात एक भुयार काढायचे, त्याला दोन तोंडे ठेवायची आणि मावळ्यांना कोणते खरे ते सांगायचे नाही, असे दोघांनी मिळून ठरवले आहे. माती आणायला कुठे जायचे ते तेवढे ठरायचे आहे.

एकच शंका उरली आहे. वर जाणारे आणि खाली थांबणारे यांची तिकिटे वेगळी काढायची का?

नारायणपेठी

सगळ्यांची एकत्रच काढा, पण आपापले तिकीट ज्याचे त्याच्याकडे द्या. भुलभुलैयाच्या आणि बावलीच्या दाराशी ते पुन्हा पाहतात, आणि सगळी तिकिटे एकाच्याच खिशात राहिली तर नणंदबाई धाकट्याला घेऊन बावलीबाहेर तुमची वाट पाहत बसतील. वर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा वेळही आधीच ठरवून घ्या. चपलांचे बिल्ले सासूबाईंकडे ठेवा.

स्थापत्य

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर: घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात आणि तो जेमतेम पाच इंच जाड असतो. खोल्याही लहान असतात, त्यामुळे एवढी जाडी पुरते. लखनौच्या दालनात सळ्या नाहीत, म्हणून कमान जाड करावी लागली, आणि जाड केली म्हणून पोकळ करावी लागली. वाटाड्याला तिने हे विचारावे. तो काय सांगतो ते इथे जरूर लिहा.